जातेच आहेस तर…

वाचकाचं पत्र, थोडक्यात: बोरिवलीच्या एक ताई लिहितात. वय ५०, बँकेत नोकरी. घरात यजमान, नोकरीला लागलेला मुलगा आणि ऐंशीच्या सासूबाई. पन्नासाव्या वाढदिवसाला धाकट्या बहिणीने एक पाकीट हातात ठेवलं. आत ५,००० रुपये आणि चिठ्ठी: ‘एका शनिवारी, एका दिवसात, फक्त स्वतःवर उडवायचे. घरी काहीही आणायचं नाही.’ पाच महिने झाले, पाकीट कपाटात साड्यांखाली तसंच आहे. मध्यंतरी एका रविवारी यजमान आणि मुलाबरोबर गाडीने ‘टाउन’ला, म्हणजे दक्षिण मुंबईत, जाणं झालं. मुलाने मोबाइलवर नऊ ठिकाणांची यादी केली होती, त्यातली तीन झाली. गाडी लावायला जागा मिळेना, हॉटेलबाहेर सव्वा तास उभं राहावं लागलं, बापलेकांचं वाजलं, आणि रात्री घरी येऊन ताईंनीच खिचडी टाकली. आता नोव्हेंबरच्या चौथ्या शनिवारी पुन्हा बेत करावा म्हणून घरात विषय काढला, तर तासाभरात यादी तयार: मंगलदास मार्केटमधून जावेसाठी ब्लाउजपीस, लोहार चाळीतून मिक्सरच्या भांड्याचं रबर, भुलेश्वरहून सासूबाईंच्या फुलवाती. ताईंचे प्रश्न असे: दिवस आखायचा कसा? एकटीने जाणं बरं दिसतं का? यजमानांना वाईट वाटेल. एका दिवसात पाच हजार उडवणं म्हणजे माज नाही का? आणि पत्राच्या शेवटी, जवळजवळ समासात लिहिल्यासारखं एक वाक्य: ‘गेटवेला उभं राहून ताजकडे पाठ करून आजवर कितीतरी फोटो काढलेत, आत मात्र कधी गेले नाही. आपल्यासारख्यांनी जायचं तरी कशाला म्हणा.’

ताई,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं माणूस म्हणजे तुमची धाकटी बहीण. ‘घरी काहीही आणायचं नाही’ ही अट उगाच सुचत नाही. ती तुम्हाला पुरती ओळखून आहे. आणि तिची शंका खरी ठरली की! तुम्ही अजून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही, पण पिशवी भरायला लागली आहे.

‘जातेच आहेस तर’ हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. गिरगावातल्या आमच्या चाळीत आई चपला पायात सरकवतेय तोवर आतून-बाहेरून हाका सुरू व्हायच्या. जातेच आहेस तर येताना कोथिंबीर आण, जातेच आहेस तर हे पाकीट पोस्टात टाक. वडील निघाले की त्यांना ‘कधी येणार?’ एवढंच विचारलं जाई. आईचं बाहेर जाणं मात्र कशाच्या तरी बदल्यातच व्हायचं. पुढे पुढे तर कोणी हाक मारली नाही तरी ती आपणहून जिन्यात थांबायची आणि वर बघून विचारायची, ‘काही आणायचंय का गं?’

म्हणून एक विचारते, रागावू नका. ती तीन वस्तूंची यादी घरच्यांनी आपणहून दिली, की ‘कुणाला काही हवंय का’ असं तुम्हीच विचारलंत? मला दुसरीच शक्यता जास्त वाटते. ‘मजा करायला चालले’ म्हणताना जीभ अडखळते, ‘मंगलदासला चालले’ म्हणताना अडखळत नाही. ब्लाउजपीस जावेला हवा असेल, पण त्याहून तो तुम्हाला हवा आहे, हातात धरून उंबरा ओलांडायला. तेव्हा पहिली गोष्ट ही की ती यादी रद्द. जावेला सांगा, पुढच्या वेळी दोघी मिळून जाऊ. मंगलदासची खरेदी हा स्वतंत्र दिवसाचा कार्यक्रम आहे, आणि तिथे एका ब्लाउजपीसवर कोणी थांबलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आता पैशांचं. माज म्हणता, तर तो रविवार जरा कागदावर मांडून बघा. बोरिवलीहून गाडीचं पेट्रोल, पार्किंग, तिघांचं जेवण, कोणीतरी मागवलेलं आणि कोणालाच न संपलेलं ते काहीतरी, वर पाण्याच्या बाटल्या. आकडा पाकिटातल्या आकड्याच्या फार खाली येईलसं वाटत नाही. त्याला मात्र कोणी माज म्हणालं नाही, कारण तो खर्च ‘घराचा’ होता. शिवाय हे पैसे एका कामासाठी नेमून दिलेले आहेत. बँकेतल्या बाईला मी काय सांगणार? घरासाठी म्हणून कर्ज उचललं आणि त्यात गाडी घेतली तर तुम्हीच गिऱ्हाइकाला धारेवर धराल ना? मग बहिणीच्या पैशांत महिन्याचा किराणा भरायचा नाही.

यजमानांना वाईट वाटेल, हे वाक्य तुमचं आहे, त्यांचं नाही. त्यांनी तसं म्हटल्याचं पत्रात कुठेही नाही. त्या रविवारी पार्किंगसाठी फेऱ्या मारणारे, रांगेत उभे राहणारे तेच होते. पुन्हा टाउनला जायचं म्हटल्यावर त्यांच्या पोटात गोळा आला नसेल कशावरून? सकाळच्या चहाला सरळ सांगून टाका: ‘चौथ्या शनिवारी मी एकटी टाउनला जाणार आहे, साडेआठपर्यंत येईन.’ ‘जाऊ का?’ नको. ‘जाणार आहे.’ त्यावर ते ‘बरं’ म्हणून पेपरमध्ये डोकं घालतील, किंवा म्हणतील, ‘मीही येतो.’ आले तर वाईट काही नाही, चांगल्या माणसाबरोबर दिवस चांगलाच जातो. पण मग तुम्ही त्यांच्या भुकेच्या वेळा, त्यांचे गुडघे, त्यांची ‘आता निघूया का’वाली नजर सांभाळत बसाल. हे त्यांनी मागितलेलं नसतं, आपल्यालाच सवय असते. माझं मत विचाराल तर पहिला शनिवार एकटीचा. फारच चुटपुट लागली तर त्यांना संध्याकाळी साडेपाचला मरीन ड्राइव्हला बोलवा, लोकलने, गाडी न आणता. दिवसभर तुम्ही तुमच्या, सूर्यास्ताला दोघं.

सासूबाई ऐंशीच्या आहेत, त्यांची सोय मात्र खरी करायला हवी. मुलाला शनिवारी सुट्टी असेल तर त्याच्यावर सोपवा, नसेल तर यजमान आहेत. गोळ्या डबीत काढून ठेवा, वेळा कागदावर लिहा. आणि पहाटे पाचला उठून दोन वेळचा स्वयंपाक करून, ओटा पुसून, भांडी लावून मग निघू नका. तसं केलंत तर अकराला गाडीत बसल्याबरोबर मान पडेल ती थेट चर्चगेटला उठेल. घराजवळच्या पोळी-भाजी केंद्रातून डबा मागवा. बोरिवलीत त्यांची वानवा नाही.

तो रविवार फसला कशामुळे, तेही बघू. दोष ना यजमानांचा, ना मुलाचा, तो यादीचा. नऊ ठिकाणं म्हणजे मधले आठ प्रवास. ही ठिकाणं माणसाला दमवत नाहीत, त्यांच्यामधलं अंतर दमवतं. शिवाय रविवार. दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणारे रेल्वेचे ब्लॉक बहुतेक रविवारी, सगळं शहर बाहेर पडतं तेही रविवारी. तुमच्यासारख्या बँकवाल्यांना सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा मिळाला आहे, आणि दहा वर्षांत तो तुम्ही दळण, इस्त्री आणि गॅसच्या नंबरात घालवलात, हे मी पैजेवर सांगते.

हा शहाणपणा मला फुकट मिळालेला नाही. निवृत्त झाल्यावर मी आणि माझी एक मैत्रीण अशाच शनिवारी निघालो होतो. माझी यादी अकरा ठिकाणांची, वर त्याच दिवशी नव्या सँडल घातलेल्या. फोर्टातल्या एका गाजलेल्या हॉटेलात नंबर लावून तासभर फुटपाथवर उभ्या राहिलो. आत गेलो तर ज्यासाठी गेलो होतो तेच संपलेलं. चार वाजता मी एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर अनवाणी बसले होते, दोन्ही टाचांना फोड, मांडीवर चण्याची पुडी. समोर हॉर्निमन सर्कलची झाडं, वारा सुटलेला. मैत्रीण म्हणाली, ‘अगं, आधीच इथे येऊन बसलो असतो तर?’ त्या तीस पायऱ्यांवर आम्ही दीड तास बसलो. त्या दिवसातलं आज मला तेवढंच लख्ख आठवतं.

तेव्हापासून मी दिवसाला एकच खुंटी ठोकते. वेळ ठरलेली, जागा ठरलेली एकच गोष्ट. बाकी सगळं तिच्यावर टांगायचं, आणि जे टांगेल ते तिथून चालत किंवा छोट्या टॅक्सीच्या अंतरावरचं हवं. जमलं तर जमलं, नाहीतर खुंटी शाबूत आहेच.

तुमची खुंटी तुम्ही स्वतःच पत्राच्या तळाशी लिहून ठेवली आहे. ताज.

‘आपल्यासारख्यांनी’ म्हणजे कोणी, ताई? ज्यांच्या पाकिटात चहाचे पैसे आहेत त्यांनीच ना? मीही पहिल्यांदा गेले तेव्हा दारात पोटात ढवळत होतं. झालं काय, तर मॉलमध्ये जाते तशी पर्स यंत्रातून गेली, एका मुलाने दार उघडलं, आणि आत कोणी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. पहिल्या मजल्यावर सी लाउंज आहे. खिडकीपाशी बसलात की खाली गेटवे, कबुतरं, मांडव्याला आणि घारापुरीला जाणाऱ्या लाँचेस, आणि ताजकडे पाठ करून फोटो काढणारी माणसं. पन्नास वर्षं तुम्ही त्या फोटोत होतात, आता वरून बघा. आणखी एक गंमत: हॉटेल १९०३चं, गेटवे १९२४चं. आपण ज्याला मुंबईचं दार म्हणतो ते या खिडकीसमोर एकवीस वर्षांनी उभं राहिलं.

तिथे हाय टी असतो, म्हणजे चहा आणि त्याबरोबर खाण्याचे बरेच पदार्थ. पाकिटाचा मोठा घास तिथे जाईल हे धरून चाला. आठवडाभर आधी फोन करा. दर विचारताना ‘सगळे कर धरून किती?’ असंच विचारा, लाजू नका. तेवढं खायचं नसेल तर नुसता चहा आणि एखादा पदार्थ चालतो का, तेही विचारून घ्या. टेबल राखून ठेवायला सांगा आणि खिडकीजवळचंच मागा. न मागता खिडकी मिळत नाही, हे लोकलच्या बाईला वेगळं सांगायला नको. कपड्यांचं म्हणाल तर बँकेत नेसता ती साडी पुरते. आणि तिथे गेल्यावर पैसे वसूल करायच्या मागे लागू नका. पैसे भरलेत म्हणून सगळं चाखायचं, ही वृत्ती लग्नाच्या पंगतीतही अंगाशी येते. आवडलं ते दोनदा घ्या, बाकीच्याला हात लावू नका. दीड तास बसा. कोणी उठवत नाही.

खुंटी चारची धरली तर तिच्या आधीचं आणि नंतरचं सोपं आहे. सकाळी उशिरा उठा. पावणेअकरानंतर बोरिवलीहून सुटणारी चर्चगेट फास्ट घ्या, फर्स्ट क्लासचं तिकीट काढा, आज पास विसरा. चर्चगेटहून टॅक्सी. उपनगरातल्या बायकांना टॅक्सी म्हणजे चैन वाटते, कारण आपल्याला रिक्षाची सवय. पण काळी-पिवळीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे, आणि टाउनात सगळं जवळजवळ आहे. मीटरने जा.

ताजच्या जवळ, चालत दहा-बारा मिनिटांवर, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. शाळेच्या सहलीत सगळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणजे ओळीतून चालत धावतं पाहिलेलं असतं. आता सगळं बघायला जाऊ नका. आत शिरल्यावर घुमटाखाली थांबा आणि सभोवार लाकडी खांब-कमानी दिसतील त्या बघा. त्या नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून आणलेल्या आहेत. जॉर्ज विटेट, ज्यांनी पुढे गेटवे उभारला, त्यांनी ही इमारत बांधताना तो वाड्याचा सांगाडाच विकत घेतला होता. घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवरचा आणि खाली नाशिकचा वाडा! मला ते दर वेळी घरचं वाटतं. त्यानंतर एकच दालन, लघुचित्रांचं. एका चित्रासमोर पाच मिनिटं उभं राहून बघा: आधी चेहरे दिसतात, मग बोटं, मग अंगठीतला खडा, मग मागच्या झाडावरचा पक्षी. अशी चार चित्रं झाली की बाहेर बागेत बाकावर बसा. शेजारीच जहांगीर आर्ट गॅलरी, प्रवेश फुकट. चित्रं आवडली नाहीत तर दोन मिनिटांत बाहेर पडता येतं, हीसुद्धा चैनच आहे.

दुपारी पोटभर जेवू नका, चारला खायचंय. एखादा इडली-डोसा किंवा इराण्याकडचा ब्रून मस्का (कडक पाव-लोणी) आणि चहा.

आता एका गोष्टीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सहलीचं लिहिणारे तिच्याकडे वळत नाहीत. ताई, बाहेर पडलात की पाणी पिता का? मला माहीत आहे उत्तर. या शहरातल्या बायका सकाळी निघाल्यावर घोट घोट मोजून पाणी पितात, कारण नंतर जायचं कुठे? ‘राइट टू पी’ (लघवीचा हक्क) म्हणून मुंबईत बायकांनी २०११ मध्ये मोहीम सुरू केली ती याचसाठी. डोकं दुखतं, चिडचिड होते, चार वाजता ‘आता घरी जाऊ’ वाटायला लागतं, आणि आपण म्हणतो दमलो. निम्म्या वेळा ते दमणं नसतं, तहान असते. म्हणून दिवस आखताना खाण्याच्या आधी हे आखा. संग्रहालयात स्वच्छतागृह आहे, ताजमध्ये तर आहेच, नाट्यगृहात असतं. या जागांच्या मध्ये दोन तासांहून जास्त अंतर पडणार नाही असं बघा आणि मग बाटली संपवा. मरीन ड्राइव्हला जाण्याआधी ताजमधून जाऊन निघा. पाहुणी म्हणून गेला आहात, हक्काने जा.

संध्याकाळी साडेपाचला टॅक्सीने मरीन ड्राइव्ह, नरिमन पॉइंटच्या टोकाला. नोव्हेंबरअखेर मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आणि हिवाळ्यात तो दक्षिणेकडे सरकलेला असतो, त्यामुळे मलबार हिलच्या इमारतींमागे न जाता उघड्या समुद्रात उतरताना दिसतो. नंतर सावकाश चर्चगेटकडे चालत या, वाटेत के. रुस्तमचं आइस्क्रीम घ्या: दोन वेफर्सच्या मध्ये जाड वडी, धरायला कागद, आणि खाताना कोपरापर्यंत ओघळ. पन्नाशीतल्या बाईने रस्त्यात उभं राहून खायचा हा एक उत्तम पदार्थ आहे. परतीला फास्टच्या मागे धावू नका. चर्चगेटहून सुटणारी बोरिवली स्लो घ्या, खिडकी मिळवा आणि प्रत्येक स्टेशन मोजत या. वीस मिनिटं जास्त लागतील. लागू देत.

हा झाला एक बेत. ताज आतून नको असेल, तर मनापासून नको आहे की भीतीने, हे एकदा स्वतःला विचारा आणि मग खाली वाचा.

मला विचाराल तर माझा जीव दादरमध्ये रमतो. खुंटी म्हणजे शिवाजी मंदिर नाट्यगृहातला दुपारचा प्रयोग. पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती बघा, तिकीट आधी काढा, आणि या वेळी पुढच्या रांगेचं काढा. दर वेळी बाल्कनीतून बघतो आपण. आधी ‘प्रकाश’ हॉटेलात साबुदाणा वडा आणि पियूष, मध्यंतरात कॅन्टीनचा बटाटा वडा, सुटल्यावर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तासभर. बोरिवलीतच प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे म्हणाल, पण तिथे मध्यंतरात सोसायटीतली कुणीतरी भेटते आणि मेन्टेनन्सचा विषय निघतो. दादरच्या बेताचा धोका एवढाच की रानडे रोड शेजारी आहे, आणि तिथे ‘आलेच आहे तर’ सुरू व्हायला वेळ लागत नाही. पर्स घट्ट धरा.

मांसाहार करत असाल तर तिसरी खुंटी: बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया हे इराणी हॉटेल, १९२३चं. बेरी पुलाव, मग कॅरॅमल कस्टर्ड. हे मुळात दुपारच्या जेवणाचं ठिकाण, तेव्हा वेळ फोनवर विचारूनच निघा, आणि गर्दी टाळायची तर दार उघडतानाच पोचा. शनिवारी दुपारी आसपासची बरीच ऑफिसं बंद असतात. रुंद रस्ते, दगडी इमारती, माणूस नाही, मधूनच बंदराकडून भोंगा. मुंबईत इतकी शांतता फुकट मिळते यावर विश्वास बसत नाही.

एकटीने टेबलाशी बसायचं, तिथे अवघडायला होतं हे खरं. वेटर मागे बघून विचारतो, ‘एकच?’ सांगायचं, ‘एकच.’ सवय नसेल तर सुरुवात अशा जागी करा जिथे टेबल वाटून घ्यायची पद्धतच आहे: माटुंग्याची उडपी हॉटेलं, दादरची मराठी खाद्यगृहं, धोबीतलावचं कयानी हे इराणी हॉटेल. तिथे समोर अनोळखी माणूस येऊन बसतो, आपला डोसा खातो, निघून जातो, आणि तुम्ही एकट्या आहात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. दुपारी हे जमलं की चारला ताजमध्ये सोपं जातं. पुस्तक न्या, पण उघडायची घाई करू नका. फोन चालू ठेवा, सासूबाई आहेत घरी. मात्र फोन करायचा झाला तर मुलानेच करायचा, एवढं ठरवून ठेवा. ‘जिरं कुठल्या डब्यात आहे’ हा प्रश्न त्यात बसत नाही.

हे वाचून काही जणी म्हणतील, आम्हाला कोण पाकीट देतंय? खरं आहे. पण वरच्या दिवसातून ताज काढून टाका आणि हिशेब करा. लोकल, संग्रहालयाचं तिकीट, इराण्याचा चहा, जहांगीर फुकट, समुद्र फुकट, आइस्क्रीम. फार होत नाहीत. लहान मूल घरी असलेल्यांनी दिवसाचा हट्टच धरू नये. दुपारी दोन ते सहा, चार तास, आणि ठिकाण घरापासून अर्ध्या तासाच्या आत. गुडघे दुखणाऱ्यांनी एशियाटिकच्या पायऱ्या माझ्यासाठी सोडाव्यात. त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते, लिफ्ट आहेत, आणि दादर, गिरगाव, हुतात्मा चौक, चर्चगेट ही सगळी स्टेशनं एकाच मार्गावर आहेत. ज्यांना शनिवारी सुट्टीच नसते त्यांनी रविवारचा ब्लॉक बघून निघावं, आणि सकाळी लवकर निघावं, हे एवढं मी सांगू शकते.

ताई, आता कॅलेंडरवर चौथ्या शनिवारी गोल करा. त्यात ‘बँक’ किंवा ‘मंगलदास’ असं काही न लिहिता ‘मी’ लिहा. सँडल जुन्याच घाला.

आणि हो. मिक्सरच्या भांड्याचं रबर बोरिवलीतच मिळेल, त्यासाठी लोहार चाळ गाठायला नको. भांडं पिशवीत घालून यजमानांच्या हातात द्या. ते संध्याकाळी लोकल पकडायला स्टेशनवर जातीलच, आणि जातच आहेत तर…